एका रस्त्याला एकच स्पीड लिमिट नसतं!

उलव्यातून माल पाठवताय? मग मॅपवरची वेळ ग्राहकाला सांगण्याआधी हे समजून घ्या.

अटल सेतूवर कारला ताशी १०० किमी, पण चढ-उताराच्या रॅम्पवर ४०. बाईक-रिक्षाला तर बंदीच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट भागात कारला १००, जड वाहनांना ८०. मॅपमध्ये नुसतं '१००' लिहिलं, तर ट्रकची वेळ चुकणारच.

ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही सुधारता येणारा मोफत नकाशा. त्यात जागेनुसार लिमिट बदललं, की रस्त्याचा तुकडा वेगळा करतात. वाहनानुसार बदललं, की त्या वाहनाचा आकडा वेगळा लिहितात. वेळ किंवा हवामानानुसार बदललं, की 'मॅक्सस्पीड कंडिशनल' ही नोंद: आधी आकडा, मग अट. समजा, शाळेजवळच्या बोर्डावर सकाळी ७ ते १० ताशी ३० आहे. नोंद होईल: ३० @ (०७:००-१०:००). नेहमीचं लिमिट वेगळं लिहिलेलं राहतं. आणि बोर्डावर आहे तेवढंच लिहायचं, अंदाज नाही!

धंद्यातही हेच करा. कोणती गाडी, कोणता रस्ता, किती वाजता, हे बघूनच डिलिव्हरीची वेळ द्या. ड्रायव्हरला घाई करायला लावली आणि गाडी तुमच्या नावावर असेल, तर ई-चलानही तुमच्याच नावावर येईल.