मेंढ्यांची निळी जीभ व लष्करी अळी

पावसाळा सरतां सरतां मेंढरांस ताप भरतो, ओठ व तोंड सुजतें, नाकांतून शेंबूड गळतो, पाय लंगडतात. तामलवाडीकडील मेंढपाळांस हें निराळें सांगावयास नको. महसुली दप्तरांत असतां मेलेल्या मेंढरांच्या पंचनाम्यांत कारण म्हणून 'खुरकूत' असें आम्ही बेधडक लिहीत असूं. त्यांतील कांहीं मेंढरें निळ्या जिभेनें मेलीं असावींत, असें आतां वाटतें.

या रोगाची भारतांतील पहिली नोंद १९६४ सालीं आपल्या महाराष्ट्रांतच झाली. जीभ दर वेळीं निळी पडतेच असें नाहीं, म्हणून फसगत होते. खुरकूत शिवाशिवीनें पसरते. हा रोग मुख्यतः ओल्या शेणांत व चिखलांत वाढणारीं बारीक चिलटें पसरवितात. उस्मानाबादी शेळी वरून धडधाकट दिसली तरी तिच्या रक्तांत विषाणु असूं शकतो, व चिलटें तो तेथून उचलून शेजारच्या मेंढीस देतात.

विषाणूच्या चोवीसांहून अधिक जाती आहेत, आणि एकीची लस दुसरीस पुरी पडत नाहीं, ही खरी अडचण. आपल्याकडे १, २, १०, १६ व २३ या पांच जातींचे विषाणु मारून केलेली लस निघाली आहे. जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची लस परदेशांत फार वर्षांची. परंतु गाभण मेंढीच्या पोटांतील कोकरास तिच्यापासून धोका असतो.

याहून निराळी वाट मूळच्या कलकत्त्याच्या डॉ. पॉली रॉय यांनीं इंग्लंडांत काढली. विषाणूच्या कवचाचीं जनुकें तेवढीं घेऊन तीं अळीच्या पेशींत घालावयाचीं. त्या पेशी पोकळ कवचें तयार करितात. आंत रोगाचें बीजच नाहीं, तेव्हां रोग होणार कोठून? मेंढीचें शरीर मात्र त्या कवचास शत्रु समजून सज्ज होतें. जात बदलली तर कवचाचा बाहेरचा थर बदलला म्हणजे बहुतेक काम भागतें. आणि या पेशी मूळच्या कोणाच्या? २०१८ पासून आपला मका फस्त करणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीच्या! मेंढ्यांवरील प्रयोगांत अशा लसीनें संरक्षण मिळालें आहे. पण ती अद्याप आपल्या वाड्यांपर्यंत पोंचलेली नाहीं.

तोंवर पांच जातींच्या लसीविषयीं पावसाळ्यापूर्वींच पशुवैद्यांस विचारावें व वाड्यांत शेण ओलें राहूं देऊं नये. मेंढरूं आजारी पडल्यास नुसत्या पंचनाम्यावर न थांबतां रक्ताचा नमुना प्रयोगशाळेस पाठविण्याचा आग्रह धरावा; आपल्या माळावर कोणती जात फिरते हें त्यावांचून लस करणारांस कळावयाचें नाहीं.