नोकरी सुटताना आरोग्य विमा टिकवायचा कसा? अर्ज शेवटच्या दिवसापूर्वीच हवा

बंगळुरू : नोकरी सोडताना भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजांचा हिशेब कर्मचारी आवर्जून विचारतात. आरोग्य विम्याचा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. कंपनीने दिलेले विमा संरक्षण साधारणपणे कामाच्या शेवटच्या दिवशीच संपुष्टात येते. त्याची खरी झळ बसते ती गावाकडील आईवडिलांना. बंगळुरूत नोकरी करणाऱ्या अनेकांनी पुणे, कोल्हापूर किंवा बेळगावातील वृद्ध पालकांना याच पॉलिसीत समाविष्ट केलेले असते.

समूह विम्यात पॉलिसीधारक कंपनी असते, कर्मचारी हा केवळ सदस्य. त्यामुळे नोकरीनंतर संरक्षण सुरू ठेवणे कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहते. मे २०२० मध्ये बंगळुरूच्या स्विगीने सुमारे १,१०० जणांची कपात केली, तेव्हा त्यांचा वैद्यकीय विमा ३१ डिसेंबरपर्यंत सुरू ठेवला होता. त्याच आठवड्यात १,४०० कर्मचारी कमी करणाऱ्या ओलानेही तशीच मुदत दिली. कोरोनाच्या काळात ही सवलत मोलाची होती. पण ती सवलतच होती, हक्क नव्हे. अमेरिकेत ‘कोब्रा’ कायद्यानुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेतून बाहेर पडणाऱ्याला सर्वसाधारणपणे १८ महिने त्याच समूह योजनेत राहता येते, अर्थात पूर्ण हप्ता स्वतः भरून. भारतात अशी तरतूद नाही.

येथे मार्ग आहे तो त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याचा. विमा क्षेत्रात त्याला मायग्रेशन म्हणतात आणि भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या नियमांत त्याची तरतूद आहे. मात्र वय व प्रकृती तपासून हप्ता आणि अटी ठरविण्याचा अधिकार विमा कंपनीकडे राहतो. म्हणूनच संरक्षण खंडित होण्याआधी, म्हणजे नोटीस काळातच लेखी अर्ज करणे हिताचे ठरते. मनुष्यबळ विभागाकडून पॉलिसी क्रमांक आणि सदस्यत्व कधीपासून आहे याचा दाखला तेव्हाच मागून घ्यावा. नंतर तो मिळविताना दमछाक होते.

इतकी धडपड कशासाठी? तर प्रतीक्षा कालावधीसाठी. नवी पॉलिसी घेतल्यास मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आधीपासूनच्या आजारांवरील खर्च कमाल तीन वर्षे नाकारला जाऊ शकतो. १ एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. मायग्रेशन केल्यास समूह पॉलिसीत सलग काढलेली वर्षे या कालावधीतून वजा होतात. मधुमेह असलेली आई दोन वर्षे समूह पॉलिसीत असेल, तर तीन वर्षांची अट असलेल्या नव्या पॉलिसीत तिला एकच वर्ष थांबावे लागेल. हा लाभ जुन्या विमा रकमेपुरताच मिळतो. पूर्वीचे संरक्षण पाच लाखांचे असेल आणि नवे दहा लाखांचे घेतले, तर वाढीव पाच लाखांसाठी प्रतीक्षा नव्याने सुरू होते. विमा कंपनी पसंत नसल्यास पुढे नूतनीकरणाच्या वेळी पोर्टेबिलिटीद्वारे ती बदलता येते.

हप्ता आता स्वतःच्या खिशातून जाणार, हे खरेच. पालकांच्या वयोगटात तो जड वाटतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाल्याने थोडा दिलासा मिळाला आहे.

पीण्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांसारख्या, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांची गोष्ट वेगळी. ते कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात. तेथे मायग्रेशन नसते. पात्रता पूर्ण असल्यास एप्रिल ते सप्टेंबरमधील वर्गणीवर पुढील जानेवारी ते जूनपर्यंत लाभ मिळतो.

मायग्रेशनचा अर्ज नाकारला गेल्यास प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी लागते. तेथे ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे कार्यालय बंगळुरूतही असून तक्रारीसाठी शुल्क आकारले जात नाही.