घरचे गावी, आपण मुंबईत

दिवाळीत डबा देणाऱ्या काकू गावी जातात, खानावळीला कुलूप लागतं आणि रजा न मिळालेल्याचे खरे हाल जेवणाचे होतात.

अशा वेळी सरळ माटुंगा गाठावं. मध्य रेल्वेच्या स्टेशनाजवळ पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. आधी कूपन घ्यायचं, मग नंबर येईपर्यंत बसायचं. केळीच्या पानावर भाज्या, पुऱ्या, भात. वाढपी सांबार-रसम् घेऊन फिरत असतो. भाताला आळं करून तयार नसलात तर रसम् पानभर पळतं! एकट्या गिऱ्हाइकाकडे इथे कुणी वळूनही बघत नाही. बघणार तरी कशाला? असली बोर्डिंगं मुळात घरापासून लांब राहणाऱ्या नोकरदारांच्या पोटासाठीच निघाली. सोमवारी मात्र बंद.

सकाळच्या भुकेला मरीन लाइन्सजवळचं कयानी, १९०४ सालचं इराणी. कडक ब्रून, लोण्याचा थर आणि पाव बुडवायला चहा. खिशाला चाट नाही.

लक्ष्मीपूजन-पाडव्याला तिथलीही माणसं सण करतात, तेव्हा निघण्याआधी एक फोन टाकावा.