एकटा माणूस, भरला मांडव

ऐंशीच्या दशकात आमच्या उमरखेडात लग्नघरी पंगती उठल्या, खरकटं निघालं, बायामाणसं जरा भिंतीला टेकली, की हदगावचा मामा पिशवीतून टेपरेकॉर्डर काढायचा. मग दुपार लक्ष्मण देशपांड्यांची. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची ती कॅसेट इतकी वाजली होती की मधेच फीत गुंतायची. मामा कॅसेट बाहेर काढायचा, भोकात पेन्सिल घालून हलक्या हातानं फीत गुंडाळायचा, आणि तेवढा वेळ कोणी जागचं हलायचं नाही. पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं, तरीही ते त्या आवाजातच ऐकायचं असे. आजी तर हसता हसता पदर तोंडाशी धरायची. तिला त्यातल्या म्हाताऱ्या माहेरच्या वाटत.

त्या वाटण्याला कारण होतं. उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात. पण पैनगंगा ओलांडली की हदगाव, नांदेड जिल्हा, मराठवाडा. नदी जिल्हे वेगळे करते, सोयरिकी वेगळ्या करत नाही. आमच्या घरात बाबा ‘मले’ म्हणत आणि आई ‘मला’. आम्ही भावंडं ज्याच्याशी बोलायचं त्याप्रमाणे बोलायचो, आणि शाळेत दोन्हींवर लाल रेघ यायची. तेव्हा गावाकडची बोली नाटका-सिनेमात यायची ती बहुधा गड्याच्या किंवा बावळटाच्या तोंडी. त्याच्या बोलण्याला हसायचं, आणि तो मात्र कुणाला हसवतोय हे त्याला ठाऊक नसायचं.

देशपांड्यांनी हे उलटवलं. म्हणूनच त्यांच्या पासष्ट वर्षांच्या आयुष्याकडे मी केवळ एका विक्रमी प्रयोगाची गोष्ट म्हणून पाहत नाही. त्यांचा जन्म १९४३चा. औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात ते शिकवत. १९७९च्या सुमाराला त्यांनी हा एकपात्री प्रयोग रंगमंचावर आणला. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं लग्नाचं वऱ्हाड विमानात बसून लंडनला जातं, एवढीच कथा. पात्रं बावन्न, नट एक. अंगात झब्बा, खांद्यावर उपरणं.

नावामुळे एक गैरसमज मात्र कायमचा झाला. पुण्या-मुंबईकडची कितीतरी माणसं आजही ती भाषा वऱ्हाडी समजतात. नावातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाची मंडळी, आमचा प्रांत नव्हे. बोली अस्सल मराठवाडी. दोन्हीतला फरक आम्हा नदीकाठच्या लोकांना एका शब्दात कळतो, आणि तो इतरांना कळू नये याचं मला आजही वाईट वाटतं.

कॉलेजात असताना नांदेडला तो प्रयोग प्रत्यक्ष पाहिला. कॅसेटमध्ये जे कधीच कळलं नव्हतं ते त्या दिवशी कळलं. उपरण्याचं टोक डोक्यावर आलं की समोर बाई उभी राही. तेच कमरेला आवळलं की घाईतला गडी. पण खरी करामत मानेत होती. मान डावीकडून उजवीकडे वळेपर्यंतच्या क्षणात वय बदलायचं, जात्याच रागीट माणूस जाऊन तिथं भोळा माणूस यायचा, आणि समोरच्या रिकाम्या जागेत आधीचा माणूस अजून उभाच आहे असं आपल्याला दिसत राहायचं. एकमेकांशी भांडणारी चार माणसं ते एकटे उभी करत. कुणाचा आवाज कुणात मिसळत नसे. नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाची शिस्त होती ती. त्यांनी गावरान बोलीला हेल काढून, वेडावून दाखवलं नाही, व्याकरणासकट आणि लकबीसकट ती उभी केली. तिथं हसवणारी पात्रंच हुशार होती. विमानातली हवाई सुंदरी नि लंडनचे रीतीरिवाज त्यांच्या नजरेतून तपासले जात होते.

योग असा की, १९७९ सालीच लंडनच्या सोहो भागात कॉमेडी स्टोअर सुरू झालं. हातात माईक घेऊन एकट्यानं उभं राहायचं, बोलायचं, जमलं नाही तर लोक तिथल्या तिथं हाकलणार. तिथला पहिला सूत्रधार अॅलेक्सी सेल हा लिव्हरपूलचा. आपल्या शहराचा हेल न लपवता, त्याच ठसक्यात तो बोलायचा. इंग्रजी स्टँडअपचं नवं पर्व या जागेपासून मोजतात. इथल्या माणसाला तिथलं आणि तिथल्या माणसाला इथलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण प्रमाण भाषेच्या बाहेरचा माणूस स्वतःच्या आवाजात बोलायला एकटा उभा राहिला, हे दोन्हीकडे एकाच वेळी घडलं.

आमच्याकडे मात्र एकट्या माणसानं हजारोंना खिळवून ठेवणं नवं नव्हतं. गाडगेबाबा १९५६ साली गेले. त्यांचं कीर्तन ऐकलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. बाबा समोरच्यांना प्रश्न विचारत, लोकांकडूनच उत्तर काढून घेत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. सगळं वऱ्हाडीत. लोक खदाखदा हसत आणि हसता हसता आपण कर्ज काढून बकरं कापतो हे त्यांना कळे. देशपांड्यांची पाळंमुळं शिकलेल्या नाटकात होती, पण त्यांचा श्रोता आधीपासून घडलेला होता तो कीर्तनात, भारुडात, आमच्याकडच्या दंडारीत.

प्रयोगांचा आकडा पुढे तीन हजारांच्या घरात गेला, गिनीज बुकात नोंद झाली, परदेशी दौरे झाले. २२ फेब्रुवारी २००९ रोजी देशपांडे गेले. पुढे संदीप पाठक यांनी तेच ‘वऱ्हाड’ पुन्हा उभं केलं, आणि एकाच माणसाच्या अंगात मुरलेला प्रयोग दुसऱ्याच्या अंगातही रुजू शकतो हे दिसलं.

नदीच्या अल्याडचा आमचा माणूस शंकर बडे. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबचे, जन्म १९४७चा. ‘इरवा’, ‘सगुन’, ‘मुगुट’ हे त्यांचे कवितासंग्रह, आणि ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा त्यांचा एकपात्री कार्यक्रम. देशपांड्यांएवढं नाव त्यांचं महाराष्ट्रभर झालं नाही. ते व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. बड्यांच्या हसण्याखाली कापसाची काळी जमीन होती. ज्या जिल्ह्याचं नाव पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेलं, त्या जिल्ह्यात हा माणूस गावोगाव वऱ्हाडीत बोलत फिरला. त्यांना ऐकताना माझ्या शेजारी एक बोंडवेचणीहून आलेला शेतकरी बसला होता. बोटांवर बोंडाच्या नखांचे ओरखडे, खांद्यावर दुपट्टा. तो मांडीवर थाप मारून हसत होता, आणि मधेच केव्हातरी त्याच दुपट्ट्यानं त्यानं डोळे पुसले. हसण्यातून आलेलं पाणी कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, हे मला सांगता येणार नाही. बड्यांची ताकद त्या जागी होती. सप्टेंबर २०१६मध्ये ते गेले.

त्यानंतरचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ‘चला हवा येऊ द्या’मधून अमरावतीकडच्या भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी घराघरांत गेली. आता तर मोबाइलवर मिनिटभराचे वऱ्हाडी व्हिडिओ रोज येतात. त्यातले काही फार चांगले असतात. पण मिनिटभरात बोलीचा ठसका येतो, माणूस येत नाही. आजीला माहेरची वाटलेली ती म्हातारी घडायला देशपांड्यांना पूर्ण प्रयोग लागत होता.

मामाची कॅसेट आता माझ्याकडे आहे. टेपरेकॉर्डर कधीच बिघडला. गेल्या उन्हाळ्यात घरातल्या लग्नात, दुपारची लाइट गेलेली, कूलर बंद, सगळे पंख्याऐवजी पत्रिकांनी वारा घेत बसलेले. भावाची मुलगी उठली. कुणाच्या तरी खांद्यावरचं उपरणं ओढून तिनं डोक्यावर घेतलं आणि माझ्या आईच्या आवाजात बाबांना झापायला लागली. मग मान वळवली, उपरणं खांद्यावर टाकलं, आणि बाबा झाली. ‘मला’ला ‘मले’नं उत्तर. तिनं देशपांड्यांना पाहिलेलं नाही, बड्यांनाही नाही. मांडवातले अल्याडचे-पल्याडचे सगळे पत्रिका थांबवून ऐकत होते, आणि मामा, आता ऐंशीला टेकलेला, पुढे सरकून बसला होता, कानावर हात धरून.