छायाचित्रातील ती रेघ कोणाची?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील अनेक भागांत जळत्या तुकड्यांची एक रांग आकाशातून सरकताना दिसली. तिची चित्रणे समाजमाध्यमांवर पसरली आणि उल्का, क्षेपणास्त्र, परग्रहावरील यान असे नाना तर्क सुरू झाले. त्याच दिवशी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन रॉकेट सुटले होते, म्हणून त्याचेही नाव घेतले गेले. मात्र दिसण्याची वेळ, दिशा आणि ज्ञात कक्षा यांचा मेळ बसला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी लाँग मार्च ३-बी रॉकेटच्या निकामी टप्प्याशी. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तो संबंध निदर्शनास आणला. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी या गावी तर धातूचे मोठे कडेच येऊन पडले होते.

या घटनेतील उलगडा चित्राच्या स्पष्टतेमुळे झाला नाही. तो वेळ आणि स्थळ यांच्या नोंदीमुळे झाला. रात्रीच्या आकाशाच्या छायाचित्रात अनोळखी रेघ वा ठिपका आढळला, तर शोधाची सुरुवात तेथूनच करावी लागते.

रेघेचे रूपही बरेच सांगून जाते. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही क्षणांतच विझते. तिची रेघ दोन्ही टोकांना निमुळती व मध्ये ठळक असते. कधी तिच्यात हिरवट छटा दिसते. कक्षेतून कोसळणाऱ्या अवशेषाचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो. त्यामुळे तो मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक काळ, तुकडे होत, जवळजवळ आडवा जाताना दिसतो. विमानाची रेघ लुकलुकत्या दिव्यांमुळे ठिपक्याठिपक्यांची बनते. उपग्रहाची रेघ साधारणतः सलग आणि एकसारखी असते. उपग्रह गिरक्या घेत असेल, तर तीत ठरावीक अंतराने चमक उमटते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जात असताना दहा सेकंदांच्या छायाचित्रात सुमारे दहा अंशांची, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या वीसपट लांबीची रेघ उमटते. फोनचा रात्रीचा मोड अनेक चित्रे एकत्र जोडतो, त्यामुळे सलग रेघही कधी तुटक भासते.

ठिपक्यांचा उगम अनेकदा आकाशात नसून कॅमेऱ्यात असतो. संवेदकातील सदोष बिंदू प्रत्येक चित्रात त्याच जागी येतो. भिंगावर झाकण ठेवून तेवढ्याच वेळाचे चित्र घेतले, तरी तो दिसतो. विश्वकिरणाचा आघात मात्र एकाच चित्रापुरता असतो. रस्त्यावरचा दिवा किंवा चंद्र चौकटीत असेल, तर भिंगातील परावर्तनामुळे चित्राच्या मध्याच्या विरुद्ध बाजूस त्याची फिकट प्रतिमा उमटू शकते. कॅमेरा किंचित वळवताच ती ताऱ्यांच्या तुलनेत सरकते. म्हणूनच लागोपाठ घेतलेले दुसरे चित्र हा सर्वांत सोपा पुरावा ठरतो.

निरीक्षकाचे स्थळही तितकेच महत्त्वाचे. दुबई किंवा मुंबईत मध्यरात्रीच्या आसपास खालच्या कक्षेतील बहुतेक उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातात. लंडनमध्ये जूनच्या रात्री सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही, म्हणून ते रात्रभर दिसू शकतात. कॅनडाच्या कडाक्याच्या थंडीत हवेतील हिमस्फटिकांमुळे रस्त्यावरच्या दिव्यांवर प्रकाशाचे उभे खांब दिसतात. सूर्यास्तानंतर एका माळेत सरकणारे ठिपके दिसले, तर ते बहुधा नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह असतात.

ही शहानिशा तज्ज्ञांनाही चुकलेली नाही. २०१७ मध्ये हवाईतील केक दुर्बिणीने टिपलेली एक क्षणिक चमक २०२० मध्ये जीएन-झेड११ या अतिदूरच्या दीर्घिकेतील गॅमा किरणांच्या स्फोटाशी जोडली गेली. पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी दाखवून दिले, की त्या क्षणी रशियन ब्रीझ-एम रॉकेट-टप्प्याचा एक अवशेष त्याच दृष्टिरेषेतून जात होता.

म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी. संदेश-ॲपवरून पाठवलेल्या चित्रातील वेळेची नोंद बहुधा नाहीशी होते. प्रवासानंतर किंवा घड्याळे तासभर पुढेमागे केल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ तपासावे, कारण तासाभराच्या चुकीने भलताच उपग्रह दोषी ठरतो. नेमकी वेळ व दिशा हाती असली, की हेव्हन्स-अबव्हवर उपग्रहांची, फ्लाइटरडार२४ वर विमानांची आणि स्टेलेरियममध्ये ग्रहताऱ्यांची स्थिती ताडून पाहता येते. तेजस्वी उल्का दिसल्यास आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे निरीक्षण नोंदवता येते. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या अशा नोंदींवरूनच तिचा मार्ग, आणि अवशेष जमिनीवर पोहोचले असल्यास ते कोठे शोधावेत, हे ठरवता येते.