पाच पैशांचे तिकीट आणि एका देशाची मान्यता

घरातली जुनी पेटी आवरताना आम्हाला मरहूम चाचांचा एक लिफाफा सापडला. १९७२ सालचा, मुंबईहून कोकणात आलेला. आत उर्दूत मोजक्या ओळी: सलाम-दुआ, पगाराची बातमी, बहिणीच्या निकाहाची काळजी. आमची नजर मात्र बाहेरच्या तिकिटांवर खिळली. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट होते आणि त्यावर छापले होते, ‘शरणार्थी सहायता’.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांच्या खर्चासाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर हा जादा आकार बसवला होता. म्हणजे निकाहाची काळजी कळवतानाही आमच्या चाचांनी त्या अनोळखी लोकांसाठी पाच पैसे दिले होते.

लिफाफा आम्ही नववीच्या वर्गात नेला. मुलांना गोष्ट सांगितली. एका मुलीने हात वर केला, “सर, बांगलादेशने मार्चमध्येच स्वातंत्र्य जाहीर केले, मग आपण मान्यता द्यायला डिसेंबरपर्यंत का थांबलो?”

प्रश्न नेमका होता. २६ मार्च १९७१ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या आमराईत हंगामी सरकारचा शपथविधी झाला. शेख मुजीबुर रहमान पश्चिम पाकिस्तानच्या तुरुंगात होते, म्हणून सय्यद नझरुल इस्लाम कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष आणि ताजुद्दीन अहमद पंतप्रधान झाले. दुसऱ्याच दिवशी कलकत्त्यातील पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी आपल्या बंगाली सहकाऱ्यांसह बाजू बदलली आणि कचेरीवर नवा झेंडा चढवला. झेंडा होता, सरकार होते, पण मान्यता नव्हती.

देश कशाला म्हणावे याच्या चार खुणा १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात सांगितल्या आहेत: कायमची वस्ती, ठरलेला प्रदेश, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. बांगलादेशात वस्ती होती, पण बहुतेक मोठी शहरे पाकिस्तानी फौजेच्या ताब्यात होती आणि सरकार कलकत्त्यातून चालत होते. अशा वेळी घाईने मान्यता देणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात हात घालणे, असा आरोप झाला असता आणि युद्धही तयारीआधीच ओढवले असते. संसदेने ३१ मार्चलाच सहानुभूतीचा ठराव केला होता, जयप्रकाश नारायण मान्यतेसाठी आग्रह धरत होते, तरी सरकार थांबले.

३ डिसेंबरला पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ला केला आणि थांबण्याचे कारणच संपले. ४ तारखेला हंगामी सरकारने पत्र लिहून मान्यता मागितली. ६ डिसेंबरला इंदिरा गांधींनी ती संसदेत जाहीर केली. त्याच दिवशी भूताननेही मान्यता दिली आणि पाकिस्तानने भारताशी राजनैतिक संबंध तोडले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

“मग सगळ्या मुस्लिम देशांनी लगेच मान्यता दिली असेल ना?” दुसऱ्याने विचारले. बांगलादेश हा मुसलमानांचा मोठा मुलुख, त्यामुळे मुलाला तसे वाटणे साहजिक होते. पण तसे घडले नाही. सेनेगल, मलेशिया, इंडोनेशिया १९७२ च्या सुरुवातीलाच पुढे आले. अरब देशांपैकी इराकने त्याच वर्षी जुलैत मान्यता दिली. बाकीचे पाकिस्तानकडे बघत राहिले. ऑगस्टमध्ये चीनने नकाराधिकार वापरून बांगलादेशचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश अडवला. खुद्द पाकिस्तानने लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेच्या वेळी, २२ फेब्रुवारी १९७४ ला मान्यता दिली आणि मुजीब त्या परिषदेला गेले. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे दार उघडले, तेव्हा मुजीब तिथे बंगालीत बोलले. सौदी अरेबियाची मान्यता मात्र १६ ऑगस्ट १९७५ ला आली, मुजीब यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. चीन त्याच महिन्याच्या अखेरीस आला.

बंगालीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. या भांडणाचे एक मूळ भाषेत होते. १९४८ साली ढाक्यात जिनांनी राष्ट्रभाषा फक्त उर्दू राहील असे सांगितले आणि २१ फेब्रुवारी १९५२ ला बंगालीसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. उर्दू शिकवून आमचा संसार चालतो. हे सांगताना आमचा आवाज दरवेळी खाली येतो. आमची गोड जबान तिथे हुकूम बनून गेली होती.

आणि तिची किंमत तिच्याच गरीब लेकरांनी मोजली. फाळणीच्या वेळी बिहारमधून तिकडे गेलेल्या उर्दूभाषकांपैकी अनेकांनी १९७१ मध्ये पाकिस्तानची बाजू घेतली होती. पण अपराध कोणाचा आणि शिक्षा कोणाला, हे पाहायला कोणी थांबले नाही. काहींना पाकिस्तानने नेले, पण लाखांवर लोक छावण्यांत उरले. ढाक्याच्या मोहम्मदपूरमधील ‘जिनिव्हा कॅम्प’ त्यांतली सर्वांत माहीत असलेली. एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहिले. तिथे जन्मलेल्या मुलांनी पाकिस्तान पाहिलेलाही नव्हता, तरी त्यांना ‘अडकलेले पाकिस्तानी’ म्हणत. मे २००८ मध्ये ढाक्याच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की, १९७१ साली जे अल्पवयीन होते आणि जे त्यानंतर जन्मले, ते बांगलादेशचे नागरिक आहेत व मतदार होऊ शकतात.

देशाला पहिली मान्यता मिळायला नऊ महिन्यांहून थोडा कमी काळ लागला. छावणीतल्या मुलांना ती मिळेपर्यंत त्यांची मुले शाळेत जाऊ लागली होती.

तास संपला तेव्हा त्या मुलीने फळ्यावर सनावळी लिहून काढली होती: १९७१, १९७२, १९७४, १९७५. आम्ही खडू मागितला, तर तिने दिला नाही. स्वतःच खाली लिहिले, २००८. मग लिफाफा हातात घेऊन तिने विचारले, “सर, चाचांचे पाच पैसे त्या छावणीतल्या लोकांना मिळाले असतील का?”

ते पैसे सीमेच्या या बाजूच्या निर्वासितांसाठी होते. आम्ही तिला खरे ते सांगितले, “नाही, बेटा.”