सातबारा मालकाचा, विभाग शासनाचा: पोलादपुरातला एक अर्ज कसा वाचायचा?

नगररचनेत पीएचडी करायची ठरवलीत की सुरुवातीला अमेरिकन पेपरच जास्त हाती लागतात. त्यात चित्र ठरलेलं. जमीनमालक म्हणतो, ‘माझ्या प्लॉटवर जास्त घरं बांधू द्या’, शहर सुनावणी घेतं आणि हो किंवा नाही म्हणतं. हे चित्र डोक्यात ठेवून महाड-पोलादपूरला गेलात तर पहिल्याच फाइलला अडकाल. (मी अडकलो होतो.)

समजा, पोलादपुरात सावित्रीच्या बाजूला एकाची भातखाचरं आहेत. नकाशात ती शेती विभागात, आणि त्याला तिथे इमारती हव्यात. अर्ज एक दिसतो, पण मागण्या दोन आहेत. शेतीचा रहिवास विभाग करणं ही पहिली. किती मजली, किती दाट, म्हणजे एफएसआय, ही दुसरी. ही दुसरी गोष्ट 2020च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून वगैरे ठरते. नगरपंचायत एका मालकापुरती ती वाढवून देऊ शकत नाही. म्हणजे खरा प्रश्न विभाग बदलाचाच उरतो.

आता आधी बघा, जमीन कुठल्या योजनेत येते. मंजूर विकास योजना असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966चं कलम 37. नुसती प्रादेशिक योजना असेल तर कलम 20. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेल्या गावात हे गृहीत धरू नका.

कलम 37 मध्ये नियोजन प्राधिकरण राजपत्रात सूचना काढतं, हरकतींना एक महिना देतं, बाधितांना नोटीस देऊन त्यांचं ऐकतं आणि प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे पाठवतं. अट एकच, पण मोठी: फेरबदलाने योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे गावाचं ‘हो’ हा फक्त प्रस्ताव असतो, शेवटचा शब्द मंत्रालयाचा. पुणे महापालिका विरुद्ध प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन या खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने नियमावलीतला बदल हे कायदे करण्यासारखं काम मानलं, आणि शासनाने मंजुरीच्या वेळी केलेल्या बदलासाठी पुन्हा सुनावणीची गरज नाही असं सांगितलं. त्यामुळे गावात मांडलेली हरकत आणि अंतिम आदेश यांच्यात बरंच अंतर पडू शकतं. संशोधनाची जागा तिथेच आहे.

पण पोलादपूर-महाडमध्ये कलमांपेक्षा जड आहे ती नदी. 22 जुलै 2021च्या पुरात महाड बुडालं. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो: साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी-लालच्या मध्ये जोतं उंच ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी. आता जोतं उंच करायचं म्हणजे बहुतेक वेळा भराव आलाच. एका प्लॉटवर भराव टाकला की तिथे मावणारं पाणी शेजारच्या घरात शिरतं. मालकाचा अर्ज एका गट नंबरचा असतो, परिणाम मात्र आख्ख्या आळीवर होतो.

मग सरळ नाही म्हणायचं का? तेही इतकं सोपं नाही. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली आणि 80हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. वर डोंगर सुटतो, खाली नदी चढते, आणि मधली सपाट जमीन थोडी. घरं तर लागणारच. माझ्या मते अशा ठिकाणी नकार देणाऱ्या प्राधिकरणाने ‘मग कुठे?’ याचं उत्तरही त्याच फाइलमध्ये लिहायला हवं.

माहिती अधिकारात कागद मागाल तेव्हा फक्त अंतिम आदेश मागू नका. हरकतींची यादी, सुनावणीचं इतिवृत्त, नगर रचना कार्यालयाचा अभिप्राय आणि पूररेषेचा नकाशा मागा. आणि बाधित म्हणून नोटीस नेमकी कुणाकुणाला गेली ते तपासा. भराव झाल्यावर ज्यांच्या दारात पाणी येणार, त्यांची नावं त्या यादीत आहेत का, तिथून वाचायला घ्या.